पाहुण्यांची तालीम

"नाही," आई म्हणाली.

दादानं चौदाव्या प्रश्नापुढच्या चौकटीत खूण केली. चौदा प्रश्न झाले होते आणि चौदाही वेळा आईनं नाहीच म्हटलं होतं. दादाचा चेहरा खुलत चालला होता. बहिणीचा पेपर आपणच तपासतोय आणि पोरगी पैकीच्या पैकी घेतेय, असा.

रविवारची दुपार. खाली चष्म्याच्या दुकानाचं शटर ओढलेलं, वर जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलेलं, आणि त्यावर डॉक्टरबाईंनी दिलेला आठ पानी फॉर्म. टेबलाच्या एका टोकाला आई, तिच्या शेजारी पेन घेऊन दादा, समोर वहिनी. वहिनीच्या पायाशी, टेबलाखाली, तिची सहा वर्षांची लेक ठिपकी दुकानातल्या टाकाऊ काचा जाडीप्रमाणे ओळीत लावत बसलेली. आणि दाराजवळच्या खुर्चीत, पटकन उठता येईल अशा बेतानं, दादाची बहीण भिंग. ज्या मुलीबद्दल फॉर्म विचारत होता ती आता त्रेचाळीस वर्षांची होती, खोलीत हजर होती, आणि तिला कोणी काही विचारत नव्हतं.

"मी एक बोलू का?" भिंग म्हणाली.

"तू नको बोलूस," दादा म्हणाला. "इथे लिहिलंय बघ. दहा वर्षांच्या आतलं ज्याला आठवतं अशा घरातल्या माणसानंच भरायचं. बाबा असते तर त्यांनी भरलं असतं. आता आईच."

"मला आठवतं की."

"तुझं तुलाच कसं आठवेल?"

भिंगनं खुर्ची दाराकडे आणखी बोटभर सरकवली. 

दादा वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फक्त त्याला दुकान दिसायचं आणि दुकानाच्या पलीकडचं दिसायला जरा नंबर लागायचा. मागच्या खोलीत काचा घासत भिंगनं वीस वर्षं काढली होती. यंत्राची एका सुरातली घरघर, काचेवर पडणारं पाण्याचं बारीक पातं, एक खिडकी, एक स्टूल. काच फ्रेममध्ये बसेल की केसभर अडेल हे तिला मोजायच्या आधी अंगठ्याला कळायचं. मग तीन महिन्यांपूर्वी काउंटरवरचा विक्रेता सोडून गेला. दादानं "चार दिवस सांभाळ गं" म्हणून बहिणीला पुढे उभं केलं आणि त्याला शोध लागला, की गिऱ्हाईक तिच्यावर खूश आहे. "त्या गोड बोलणाऱ्या बाई आहेत का?" असं विचारत लोक यायला लागले. झालं! मागच्या खोलीची लाकडी भिंत पाडायची, यंत्र काढायचं, काचा बाहेरून घासून आणायच्या, दुकान मोठं करायचं आणि भिंगनं कायमचं पुढे उभं राहायचं, असं ठरलं. तिला कळवण्यात आलं.

दोन आठवड्यांपूर्वी, शनिवारी, भरल्या दुकानात, भिंगनं एका बाईंच्या कानामागे चष्म्याची काडी नीट बसवली, "परत या हं," म्हटलं, आणि काउंटरखाली जाऊन बसली. कानांवर हात दाबून. नंतर दोन दिवस तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. फुटला तेव्हा ती स्वतःची स्वतः डॉक्टरकडे गेली. डॉक्टरबाईंनी चार दिवस बसवून सगळं विचारलं आणि सांगितलं, हे आजचं नाही, जन्मापासूनचं आहे. ऑटिझम. काही लोक स्वमग्नता म्हणतात.

"स्वमग्न?" भिंग तिथेच हसली होती. "अहो, दिवसभर मी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत असते, आता हसायचं का, आता गप्प बसायचं का म्हणून. स्वतःत मग्न व्हायला वेळ कुठे मिळाला मला?"

लेखी पत्र हवं तर लहानपणाचा पुरावा लागेल, असं बाईंनी सांगितलं. आणि दादानं शब्द दिला होता, फॉर्म पत्र मिळण्यासारखा भरला गेला तर भिंतीला हात लावणार नाही. नाही भरला गेला, तर सुतार उद्या सकाळी नऊला.

"पंधरावा," दादानं वाचलं. "मूल समोरच्याची नजर टाळत असे का?"

"छे," आई म्हणाली. "छान बघायची. मी शिकवलं होतं ना. मनात तीन मोजायचे आणि समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघायचं. समोरच्याला पत्ता लागत नाही."

"म्हणजे नाही." दादाचं पेन खाली आलं.

"म्हणजे हो," भिंग म्हणाली.

"तू मधे बोलू नकोस."

"सोळावा," दादानं पुढे वाचलं. "आवाजाचा जास्त त्रास होत असे का?"

"नाही. आधी व्हायचा. मिक्सर लावला की घर डोक्यावर घ्यायची. मग मी तिला मांडीवर घेऊन बसायला लागले, मिक्सर सुरू करून. पहिल्या दिवशी एक मिनिट, दुसऱ्या दिवशी दोन. महिन्याभरात किंचाळायची थांबली." आईनं वहिनीकडे पाहिलं. हे ऐकून कोणीही शाबासकी द्यावी, असं ते पाहणं होतं.

"किंचाळायची थांबले," भिंग म्हणाली. "ऐकू यायचं थांबलं नाही."

वहिनीनं नवऱ्याच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. ते निमूटपणे नकारावर खूण करून पुढच्या ओळीवर गेलं होतं.

"अहो, जरा थांबा ना," ती म्हणाली. "आई सांगतायत ते वेगळंच आहे."

"ती 'नाही' म्हणाली. मी 'नाही' लिहिलं. त्यात वेगळं काय?"

*

आईला यातलं काहीच आवडत नव्हतं. म्हाताऱ्या बाईला कोर्टात उभं करावं तसं चाललं होतं, आणि साक्ष कोणाविरुद्ध? स्वतःच्याच पोरीविरुद्ध. फॉर्मवरचा एकेक प्रश्न म्हणजे शेजारणींची एकेक कुजबुज होती. ही बोटांवर का चालते? ही हात का फडफडवते? आम्ही विचारलेलाच प्रश्न आम्हाला परत का विचारते? चाळीस वर्षांपूर्वी आईनं या सगळ्यांची तोंडं बंद केली होती. आता कुणी डॉक्टरबाई छापील कागदावर तीच कुजबुज पाठवते, आणि तिला हो म्हणायचं?

शाळेच्या मुख्याध्यापिकेनं सांगितलं होतं, "अशा मुलांसाठी वेगळी जागा असते." आई ती जागा बघून आली होती. एकटीच गेली होती. बाबांना सांगितलंसुद्धा नव्हतं. एका लांब खोलीत ओळीनं खाटा होत्या आणि एक मुलगी भिंतीवर कपाळ टेकवून उभी होती. आई तासभर थांबली. तासभर ती मुलगी तिथेच होती. कोणी तिला हलवलं नाही की तिच्याशी बोललं नाही. घरी येऊन आईनं पदर खोचला आणि दुसऱ्या दिवसापासून पाहुण्यांची तालीम सुरू केली.

रोज दुपारी, दुकानात वर्दळ नसताना, आई दाराबाहेर जायची, बेल वाजवायची आणि पाहुणी होऊन आत यायची. कधी मावशी, कधी शाळेतल्या बाई, कधी अनोळखी गिऱ्हाईक. भिंगनं दार उघडायचं, तीन मोजून बघायचं, हसायचं, बोलायचं. चुकलं की आई परत बाहेर. बेल. परत पहिल्यापासून. एका दुपारी सतरा वेळा बेल वाजली होती. आईनं दमून एकदासुद्धा आवाज चढवला नव्हता, हे ती आजही अभिमानानं सांगायची. त्या सतरा वेळांत तिचेही पाय दुखले होतेच की. पण पोरगी शाळेत टिकली. लांब खोलीत गेली नाही.

"माझी मुलगी चांगली होती," आई म्हणाली. "आणि चांगलीच आहे. तीन महिने दुकान कोणी चालवलं? विचार या फॉर्मला."

"अगदी!" दादा म्हणाला.

"आणि हे काही अवघड नसतं. वेळेवर हातात घ्यावं लागतं, इतकंच. आपल्या ठिपकीचंच बघा. दोन महिन्यांत केवढी सुधारली."

वहिनीची मान वळली. "दोन महिन्यांत काय केलं ठिपकीला?"

ती ग्रंथालयात नोकरी करायची, पाचला परतायची. दुपार आजी-नातीची असायची. दोन महिन्यांत ठिपकी शहाण्यासारखी वागायला लागली होती, हे खरं होतं. शाळेतूनही तसा निरोप आला होता. मात्र रात्री अंथरुणात ती भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहायची, हेही खरं होतं. मोठी होतेय, असं वहिनीनं स्वतःला सांगितलं होतं.

"थांब, दाखवतेच," आई उठली. "ए ठिपके, बाहेर ये गं. पाहुणे येणारेत."

टेबलाखालचा काचांचा आवाज बंद झाला. ठिपकी बाहेर आली, फ्रॉक खाली ओढला, आणि काही न सांगता दारापाशी जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे, डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलेलं. आई बाहेर गेली, दार लागलं, बेल वाजली.

भिंगच्या खुर्चीपासून ठिपकी हातभर अंतरावर होती. बेल वाजताच भिंगनं मनात आकडा सुरू केला. एक. ठिपकीनं दार उघडलं. दोन. तीन. ठिपकीची मान वर झाली.

"या ना! किती दिवसांनी आलात. बसा, उभ्या का? पाणी देऊ का?"

आवाज गोड होता, दुसऱ्या शब्दावर थोडा वर जाणारा. "आलात" नंतर एक क्षण थांबून हसणं. मान किंचित उजवीकडे. आईनं अडतीस वर्षांत एक अक्षर बदललं नव्हतं. भिंगला कळलं, की आपले ओठ हलतायत. ठिपकीबरोबर तीही सगळं म्हणत होती, आवाज न काढता, मान उजवीकडे करून.

"तुमची तब्येत कशी आहे?" ठिपकी म्हणाली.

"बरी आहे हो," दारातली आई पाहुणीच्या आवाजात म्हणाली. "गुणी आहे हं मुलगी!"

दादानं टाळी वाजवली. "अरे वा! फर्स्ट क्लास!"

ठिपकी हलली नाही. तिनं आजीकडे बघितलं, भुवयांच्या मधोमध, आणि विचारलं, "झालं? आता हात हलवू?"

"पाहुणे गेल्यावर," आजी म्हणाली. अगदी मायेनं.

*

 वहिनी उठली, पोरीजवळ गेली आणि तिचं मनगट सोडवायला लागली. बोटं इतकी आवळलेली होती, की एकेक उचलावं लागलं.

"हलव," ती म्हणाली. "आत्ता हलव. पाहुणेबिहुणे कोणी नाहीत."

ठिपकीनं आजीकडे पाहिलं.

"तिच्याकडे नको बघूस. मी सांगतेय ना!" वहिनीचा आवाज फाटला. ठिपकीनं कान झाकले. तशी वहिनी खाली बसली आणि हळू म्हणाली, "चुकलं माझं. ओरडायला नको होतं. जा, काचा लाव जा."

ठिपकी टेबलाखाली गेली. थोड्या वेळानं तिथून हवेत चिमण्या उडाव्यात तसा तळहातांचा आवाज यायला लागला.

"एवढं काय झालं?" दादा म्हणाला. "छान तर बोलली. पुढे तिलाच उपयोग आहे—"

"तू गप्प बस," वहिनी म्हणाली. सासूसमोर ती नवऱ्याला कायम तुम्ही म्हणायची. बारा वर्षांत पहिल्यांदा चुकली आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही. "पोरगी हात हलवायची परवानगी मागतेय. स्वतःचे हात! आणि तू टाळ्या वाजवतोस?"

"मी तिचं वाईट केलं म्हणतेस?" आई अजून दारातच उभी होती, ना धड पाहुणी ना धड घरची. "विचार हिला. भिंगला विचार. हिचं काय वाईट झालं? कमावते, बोलते, चारचौघांत उभी राहते."

आता मात्र सगळ्यांनी भिंगकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच.

"दादा," भिंग म्हणाली, "दुकानात गिऱ्हाईक आलं की मी काय म्हणते?"

"काय म्हणजे? हेच. या ना, किती दिवसांनी..." दादा थांबला.

"पुढे?"

"बसा, उभ्या का."

"पाणी देऊ का," भिंगनं पूर्ण केलं. "तुझ्या गिऱ्हाइकांशी मी बोलतच नाही रे. तालीम बोलते. दिवसाला चाळीस माणसं. चाळीस वेळा दार उघडायचं. लहानपणी निदान आई दमायची, मग थांबायचो. लहान होते तेव्हा त्रास झाला की किंचाळायचे, लोटायचे, पळून जायचे. लोकांना दिसायचं तरी. मोठी झाले तसं सगळं आत गेलं. हात फडफडायचे थांबले, तर पायाची बोटं बुटात आवळायला लागले. ती कोणाला दिसत नाहीत. विशीत जमायचं. मागच्या खोलीत बसून भरून निघायचं. आता नाही निघत. काउंटरवरून वर आले की मी दिवा न लावता न्हाणीघरात फरशीवर बसते, तास, दीड तास. तुम्हाला वाटतं, आंघोळीला वेळ लागतो."

"मग सांगायचंस ना!" दादा म्हणाला.

"सांगितलं. तू म्हणालास, सवय होईल. त्रेचाळीस वर्षांची आहे मी. अजून किती सवय व्हायची राहिलीय?"

दादानं फॉर्मकडे पाहिलं. "पण मग आता... यात तर सगळं नाहीच लिहिलंय. पेनानं."

"फाडून टाक," वहिनी म्हणाली.

"नको," भिंग उठली. तिनं फॉर्म हातात घेतला.

कोण कशानं चिडतं, कोण कशानं विरघळतं, हे इतरांना म्हणे आपोआप उमगतं. भिंगनं ते अभ्यास करून मिळवलं होतं, आणि सगळ्यांत जास्त अभ्यास आईचा केला होता. आईला दया दाखवून हलवता येत नाही. रडून तर नाहीच.

"आई," ती म्हणाली, "तू काय लिहून दिलंस ते वाचते. या मुलीला लहानपणी कसलाही त्रास नव्हता. नजर द्यायला शिकवावी लागली नाही. आवाजाची सवय करून द्यावी लागली नाही. कोणाशी बोलायला शिकवावं लागलं नाही. म्हणजे वाचणाऱ्याला काय कळणार? की पोरगी आपोआपच वाढली. आईनं काडीसुद्धा हलवली नाही."

आईच्या गळ्याशी लाली चढली.

"काडी हलवली नाही? मी?"

"इथे तसंच लिहिलंय."

"आण इकडे!" आई टेबलापाशी आली, दादाच्या हातातून पेन ओढलं आणि खुर्चीत अशी बसली की खुर्ची करकरली. "म्हणे आपोआप! बोटांवर चालायची म्हणून पायात जड बूट घालून जिन्यावरून कोण चालवत होतं? तुझे बाबा? ते चष्मे विकत होते. चार वर्षांची होईपर्यंत आई म्हणाली नाहीस मला. चार वर्षं! आरशासमोर बसवून तोंड कोणी उघडायला शिकवलं?"

"लिही ना मग," भिंग म्हणाली.

आईनं लिहिलं. नकारांवर काट मारली आणि चौकटी सोडून समासात, समास भरले तेव्हा पानामागे, बारीक, तिरक्या अक्षरात. लिहिता लिहिता मोठ्यानं बोलत होती, तारखांसकट. कोणत्या वर्षी कोणता आवाज, कोणती भीती, त्यावर काय इलाज केला. दादा खांद्यावरून वाचत होता. "हे मला कसं माहीत नाही?" असं दोनदा म्हणाला.  सातव्या पानावर सतरा बेलांची दुपार आली. ती वाचून तो गॅलरीत गेला आणि फोन लावला.

"हां, सुतारदादा, उद्या नका येऊ. ...नाही, पुढच्या आठवड्यातही नको. भिंत ठेवायचीय. ...अहो, पत्रबित्र काही असो, ठेवायचीय म्हणजे ठेवायचीय!"

तो विनाकारण सुतारावर ओरडत होता. आणखी कोणावर ओरडावं हे त्याला सुचलं नसावं.

वहिनी सासूच्या शेजारी येऊन बसली. अजून ती रागानं धुमसत होती, आणि तरी प्रत्येक भरलेलं पान उचलून शाई वाळेपर्यंत धरून ठेवत होती. "ठिपकीची तालीम उद्यापासून बंद," ती म्हणाली. "दुपारी मी तिला ग्रंथालयात घेऊन जाईन."

"मग तिला बोलायला कोण शिकवणार?" आईनं मान वर न करता विचारलं.

"ती बोलतेच की. आपल्याला हवं ते बोलत नाही, एवढंच."

आईचं पेन क्षणभर अडलं आणि पुढे गेलं. आठवं पान. शेवटचा प्रश्न. तिनं तो स्वतःच वाचला, चष्मा वर सरकवून, मोठ्यानं, आधीच्या जोरातच.

"या सगळ्याबद्दल मुलाला स्वतःला काय वाटत असे?"

खाली उत्तरापुरत्या चार रेघा रिकाम्या होत्या.

आईनं पेन टेकवलं. उचललं. परत टेकवलं. शाईचा एक ठिपका पडला. चाळीस वर्षांपूर्वीच्या तारखा तिला तोंडपाठ होत्या. मिक्सरची मिनिटं पाठ होती. तिनं भिंगकडे पाहिलं.

"काय लिहू गं?"

"तुला काय माहितीय ते लिही," भिंग म्हणाली.

आईनं चष्मा नाकावर परत नीट बसवला. मग पहिल्या रेघेवर, या वेळी तिरकं नाही, सरळ, शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर काढत तिनं लिहिलं: *विचारलं नाही.*

तिनं पेनाला टोपण लावलं आणि फॉर्म पुढे सरकवला. "झालं. घे."

भिंगनं ते वाचलं. एकदा, मग पुन्हा एकदा. आईला बरं वाटेल असं काहीतरी आता म्हणायला हवं होतं, ते काय हेही तिला ठाऊक होतं. सगळी खोली त्याचीच वाट बघत होती.

तिनं फॉर्म आईकडे परत सरकवला.

"तीन रेघा आहेत अजून," ती म्हणाली. "विचार."